आईला बसता येईल अशी गाडी

७ जानेवारी, मंगळवार

चार रिक्षावाले नाही म्हणाले. चार! पाचवा थांबला, आईच्या तोंडाकडे बघितलं, "ओकणार नाही ना?" असं मला विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत सटकला. ॲपवरची टॅक्सी वीस मिनिटं 'दोन मिनिटांत पोहोचते' म्हणत होती. मग रद्द.

आई बोरिवलीच्या डायलिसिस सेंटरच्या पायरीवर बसली. भर दुपारी. चार तास मशीनला जोडून, अंगातलं रक्त धुऊन बाहेर आलेली बाई – आणि तिला चारकोपपर्यंत न्यायला या शहरात एक चाक मिळेना.

"चेतना," आई म्हणाली, "एखादा घोडा घे. त्याले नाही म्हणता येत नाही."

चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी चिडली की आई सरळ बुलढाण्यात जाते. मले, तुले, काहून. म्हणजे आज फारच चिडली होती.

गाडी घ्यायची. ठरलं. मंगळ-गुरू-शनि, आठवड्यातून तीनदा हा तमाशा बास. मला गाडी चालवता येत नाही, एवढं एक सोडलं तर सगळं ठरलंय.

८ जानेवारी

घरच्या ग्रुपवर टाकलं – 'आईसाठी छोटी गाडी घेतेय.' चुकलं. गाडी आधी घ्यायची आणि मग फोटो टाकायचा, हे छत्तिसाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

केतनचा फोन पाचव्या मिनिटाला. माझा धाकटा भाऊ. पवईत ऑफिस, पवईतच फ्लॅट, मतं मात्र सगळ्या भारतभर. "ताई, छोटी? यार, आजकाल छोटी कोण घेतं? हायवेला ट्रकने फुंकर मारली तरी उडेल."

म्हटलं, चारकोप ते बोरिवलीत कुठला हायवे लागतो?

"उद्या गावाला जायचं झालं तर?"

गावाला आम्ही शेवटचं गेलो त्याला सहा वर्षं झाली. तेही बसने.

गुणाजीमामांनी दहिसरहून फक्त एवढंच लिहिलं – 'ॲव्हरेज किती देते?' मामांकडे स्वतःची सायकलही नाही. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय मराठी माणसाला गाडीच्या विषयात प्रवेशच नसतो.

१२ जानेवारी, रविवार

आईला घेऊन शोरूम. एसी इतका की आईने पदर कानावर घेतला. सेल्समन पोरगा गोड. निळा सूट, केसांना तेवढंच तेल जेवढं आमच्याकडे महिन्याला लागतं. मी छोटी म्हणते, तो आम्हाला उंचवाल्या सात सीटच्या गाडीकडे वळवतो. "मॅडम, आज सगळ्या फॅमिली ह्याच्यातच अपग्रेड होतायत." छपराला काच! आत पायाशी निळे दिवे! आईने विचारलं, "हे दिवे कायले?" तो म्हणाला, "मूडसाठी." आई म्हणाली, "माझा मूड डॉक्टर ठरवतो."

मग आई चढायला गेली. आणि मला पहिल्यांदा प्रश्न समजला.

आईच्या डाव्या हाताला नस जोडून घेतलीय. मशीनच्या सुया तिथेच लागतात. त्या हाताने काही ओढायचं नाही, उचलायचं नाही, त्यावर भार टाकायचा नाही. आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढताना धरायचा दांडा कुठे? बरोब्बर डाव्या बाजूला! आईने पाय पायरीवर ठेवला, हात सवयीने दांड्याकडे गेला, मी ओरडले, तो पोरगा दचकला, आई अर्ध्यात अडकली. एक पाय आत, एक जमिनीवर. शेवटी मी मागून ढकललं. माझ्या आईच्या पार्श्वभागाला हात लावून भर शोरूममध्ये.

आत बसल्यावर आई म्हणाली, "बसले. आता उतरायले क्रेन बोलाव."

म्हणजे गाडी लहान की मोठी हा प्रश्नच नाही. सीट आईच्या कंबरेएवढी उंच पाहिजे. वर नको, खाली नको. चढायचं नाही, वाकायचंही नाही – खुर्चीवर टेकतात तसं टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. जगातल्या कुठल्याही जाहिरातीत हे लिहिलेलं नाही. ब्लूटूथ लिहिलंय.

१४ जानेवारी

घरातल्या टेपने आईची कंबर मोजली – जमिनीपासून. आई म्हणाली, ब्लाऊज शिवतेस का कबर खणतेस?

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

केतन स्वतःच्या खर्चाने हट्टाला पेटलाय. त्याचं म्हणणं, मोठी घेणार असशील तर अर्धा वाटा माझा. आज मित्राची रणगाड्याएवढी काळी गाडी घेऊन, बायकोला – तेजलला – बाजूला बसवून, थेट आमच्या गल्लीत. आमची गल्ली! सेक्टरमधली बैठी घरं, प्रत्येकाने पुढे दोन-दोन फूट वाढवलेली, कडेला तुळशी, बाईक, एक कायमची बंद पडलेली वॉशिंग मशीन. गल्लीच्या मधोमध गाडी थांबली. पुढे भाजीची गाडी. मागे पाण्याचा टँकर.

केतन काच खाली करून म्हणाला, "जरा बाजूला घे ना रे."

भाजीवाला म्हणाला, "कुठं घेऊ? तुमच्या डिकीत?"

अर्धा तास. सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेशभाई बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी ट्रॅफिक हातात घेतला, म्हणजे वाटच लागली. डावीकडे घ्या, नको, उजवीकडे, थोडं, थोडं, बास – खर्रर्र! बास उशिरा आलं. आरसा शेवंतीकाकूंच्या ग्रिलला लागून मिटला. काकू आतून, "अहो, दार वाजवलंत का?"

केतनला दारच उघडता येईना, दोन्ही बाजूंनी भिंत. तेजल सीटांवरून चढत डिकीच्या दाराने बाहेर आली. नवीन ड्रेस. बिचारी हसत होती. ती चांगली आहे, केतनला कशी मिळाली कोण जाणे.

आई ओट्यावर बसून शेंगा सोलत सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "केतन, गाडी छान आहे रे. गल्ली कोणती घेतोस तिच्यासाठी?"

२३ जानेवारी, गुरुवार

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना एका खुर्चीत बसवून 'आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं' विचारते. आजकाल त्यात अजून एक प्रश्न घुसवते – गाडी कुठली?

सगळ्यांना मत आहे. एक काका म्हणाले, छोटी घेऊ नका, मागे तीन माणसं बसत नाहीत. विचारलं, तुमच्याकडे मागे कोण बसतं? थोडा विचार करून म्हणाले, "भाजी."

संध्याकाळी सिग्नलला रिक्षात बसून मोजलं. मोठ्या गाड्या सतरा. त्यातल्या बारांत माणूस एक. नुसता एक! रोज बसणाऱ्या दोघांसाठी आपण गाडी घेतच नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या पाचव्यासाठी घेतो. आणि तो पाचवा येतो तेव्हा म्हणतो, मी रिक्षाने जातो, तुम्ही व्हा पुढे.

२७ जानेवारी

शिकाऊ लायसन्स मिळालं. फोटोत मी फरार आरोपी दिसते.

१ फेब्रुवारी

ड्रायव्हिंग क्लास. शिकवणारी माणिक मॅडम. पन्नाशीची, पंजाबी ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज, तोंडात लवंग. पहिलं वाक्य – "घाबरलीस तरी चालेल, डोळे मिटलेस तर उतरवीन."

गाडी अकरा वेळा बंद पडली. मागे हॉर्नची दिवाळी. माणिक मॅडम शांत. "वाजवू दे. त्यांच्याकडे तेवढंच आहे."

विचारलं, मॅडम, छोटी घेऊ की मोठी? म्हणाल्या, "मी हजार बायका शिकवल्या. घरात मोठी गाडी असेल तर किल्ली नवऱ्याच्या खिशात असते. छोटी असेल तर बाईच्या पर्समध्ये. तू बघ."

हे कुठल्या शोरूमवाल्याने सांगितलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

चौथं शोरूम. आज मामाही बरोबर. छोटी गाडी, पण उभट. टोपी घातलेल्या बुटक्या माणसासारखी. दिसायला काही खास नाही – स्थळं बघायला जायचो तेव्हा मला म्हणायचे तसं, 'नाकीडोळी ठीक'.

मी दार उघडलं. आई पाठमोरी झाली, टेकली, पाय आत घेतले. झालं! हात कुठेही लागला नाही. मी टेप काढायच्या आतच आई बसलेली. नुसती बसली नाही, मागे रेलली, डोळे मिटले.

सेल्समन सांगत होता, मी ऐकत होते. आई उठेना. "हीच," डोळे न उघडता म्हणाली.

पण खोटं कशाला लिहू? दोष आहेत. सीएनजी घेतली तर डिकीत टाकी बसते, मग उरलेल्या जागेत एक पिशवी आणि थोडी आशा मावते. मागे मामा, मी आणि सेल्समन बसून बघितलं – मामांचं पोट, माझी कोपरं आणि सेल्समनची नोकरी, तिन्ही धोक्यात. दार लावताना डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज येतो. खड्ड्यात कशी वागेल, ते खड्डाच सांगेल.

मामांनी ॲव्हरेज विचारलं. उत्तर ऐकून त्यांना इतकं समाधान झालं की जणू पैसे त्यांचेच वाचणार आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज केतनशी भांडले. घाण भांडले.

त्याला सांगितलं होतं, आज सेंटरला तू ये, मला दुकानात सुट्टी नाही. हो म्हणाला. सकाळी मेसेज – 'सॉरी ताई, अर्जंट काम.' मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ठेवून धावले. संध्याकाळी फोनवर परत तोच सूर, "छोटी बुक करू नकोस, थोडं थांब ना."

सुटलेच. म्हटलं, तू थांब. तुला थांबायला जमतं. आईच्या किडन्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली, तू सेंटरला किती वेळा आलास? बोटांवर मोज. एका हाताच्या! मी गेल्या वर्षी किडनी द्यायला तयार झाले होते, माझ्या शुगरमुळे डॉक्टर नाही म्हणाले. तू विचारलंस तरी का? तुला छपराला काच पाहिजे!

तो म्हणाला, "आई घेणार नाही म्हणते ना."

हे खरं आहे. आई म्हणते, पोरांना मी दिलंय, पोरांकडून परत घेत नसतात. पण ते तुझ्या तोंडी शोभत नाही, म्हटलं आणि फोन आपटला. म्हणजे, आपटला असता. आजकाल नुसतं लाल बटण दाबावं लागतं, त्यात काही मजा नाही.

१५ फेब्रुवारी

बुक केली. छोटी. करडा रंग – धूळ दिसत नाही म्हणून. केतनला सांगितलं नाही.

आईने विचारलं, "भांडलीस का त्याच्याशी?" म्हटलं, नाही. "मग दोन दिवस त्याचं नाव काहून नाही घेतलं?"

३ मार्च, सोमवार

लायसन्सच्या टेस्टला नापास. चढावर गाडी बंद, मग मागे घसरली. चूक माझीच. साहेब म्हणाले, पुन्हा या. माणिक मॅडमनी वडापाव दिला. म्हणाल्या, "पहिल्या फटक्यात पास होतात ते पुढे खांब पाडतात."

१७ मार्च

पास!!

२२ मार्च, शनिवार

शोरूमचा फोन. पाडव्याला डिलिव्हरी घ्या मॅडम, झकास मुहूर्त, सगळे घेतात. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"चौदा एप्रिलला द्या."

"आँटी, त्या दिवशी मुहूर्त...?"

"बाळा, बाबासाहेबांचा जन्म त्या दिवशी झाला. याच्याहून मोठा कोणता मुहूर्त काढून देतोस?"

पलीकडून, "चौदाला देतो, आँटी."

१४ एप्रिल, सोमवार

आली!

आई पांढऱ्या साडीत. शोरूमवाल्यांनी गाडीवर लाल कापड टाकलेलं. चाकाखाली ठेवायला लिंबं, फोडायला नारळ, सगळी तयारी त्यांचीच. आई म्हणाली, "लिंबं पिशवीत टाक, सरबत होईल. नारळ पण दे, चटणीले." सेल्समन म्हणाला, "आँटी, फोटोपुरतं तरी?" आईने फोटोपुरता नारळ हातात धरला – असा की कोणाच्या तरी डोक्यात घालणार आहे. मग गाडीपुढे उभं राहून हात जोडले आणि त्रिशरण म्हटलं. आवाज अगदी बारीक. सेल्समन पण हात जोडून उभा राहिला. मला मध्येच हसू आलं आणि मध्येच भलतंच काहीतरी आलं.

चारकोपपर्यंत मी चालवली. ताशी वीस. एका सायकलवाल्याने ओव्हरटेक करताना माझ्याकडे दयेने बघितलं. गल्लीत वळले – आणि गेली की आत! टँकर असूनसुद्धा! यज्ञेशभाई बनियनवर धावत आले, सूचना द्यायला काही उरलंच नव्हतं. नाराज होऊन परत गेले.

केतन आणि तेजल संध्याकाळी निळे झेंडे बघायला आले, तेव्हा गाडी बघितली. केतनने गाडीभोवती एक चक्कर मारली. आईला बसवून उतरवून बघितलं. दोनदा. म्हणाला, "बरोबर आहे गं ताई."

एवढंच. मला भांडायचं होतं. तयारी पूर्ण होती.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिला दिवस. सेंटरच्या दारात गाडी लावली. चार तासांनी आई बाहेर आली, नेहमीसारखी पिळून काढलेली. टेकली, पाय आत घेतले, रेलली. पायरीवर बसायला लागलं नाही. कोणाला विचारायला लागलं नाही.

लिंक रोडला खड्डा आला. गाडीने तो पूर्ण आमच्यापर्यंत पोहोचवला, मधे काही ठेवून घेतलं नाही. आई कळवळली. मी सॉरी म्हटलं. "तू थोडीच खणलास," म्हणाली आणि पाच मिनिटांनी झोपली. गाडीत झोपली! माझ्या चालवण्यात! यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

२६ एप्रिल

दाराला पहिला ओरखडा. कोणी मारला माहीत नाही. शेवंतीकाकू म्हणाल्या, "आता तुमची झाली."

४ मे, रविवार

मामांकडे दहिसरला. पाच जण – आई पुढे, मी चालवतेय, मागे केतन, तेजल आणि आमच्याकडेच मुक्कामाला आलेले गुणाजीमामा. केतन सहा फुटांचा. गुडघे कानाशी. एसी मागे पोहोचेपर्यंत दमत होता. मामा मधे, म्हणून प्रत्येक वळणावर कोणाच्या तरी मांडीवर.

मी वाट बघत होते. आता बोलेल, आता म्हणेल, बघ, सांगितलं होतं ना. त्याने आईच्या सीटवर मागून हात ठेवला होता, खड्डा आला की सीट दाबून धरायचा. जसं काही त्याने धरल्याने खड्डा कमी होणार!

चेक नाक्याजवळ मामांनी विचारलं, "पाच माणसांत ॲव्हरेज पडतं का गं?" सगळे इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

१० मे, शनिवार

आई मशीनवर असताना मी हल्ली गाडीतच बसते. सीट मागे करून, पाय डॅशबोर्डवर. नर्सने आज सांगितलं, आईंचं बीपी घरी जातानाचं सुधारलंय. गाडीमुळे असेल का? डॉक्टर हसतील. पण मला माहीत आहे – धक्के खाणं वेगळं आणि नकार खाणं वेगळं.

२० मे, मंगळवार

सेंटरमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या भावाचे शेवटचे रिपोर्ट आले. जुळतंय, त्यांची किडनी चालेल. आता आईंना तयार करायचं काम तुमच्या दोघांचं."

कोणाच्या भावाचे? – हे मी खरंच विचारलं.

डिसेंबरपासून येतोय म्हणे. तपासण्या, मग वजन उतरवायला सांगितलं ते उतरवलं, मग परत तपासण्या. बायको म्हणून तेजलची संमतीची सही पण झालीय. पक्कं होईपर्यंत घरी सांगू नका म्हणाला होता, उगाच आशा लागते.

आईला घेऊन आले. दुसऱ्या गियरवर, सगळा रस्ता. तिला अजून काही सांगितलं नाही. ती घरात गेल्यावर गाडीतच बसून केतनला फोन लावला. "काय गं ताई?" म्हणाला. गेले पाच महिने ह्या माणसासाठी माझ्याकडे शिव्यांचा तुटवडा नव्हता. आज एक सापडेना.